आधी ताप उतरवा, मग वेग वाढवा

कोअर आय९-१४९००एचएक्स बसवलेल्या गेमिंग लॅपटॉपच्या जाहिरातीत ५.८ गिगाहर्ट्‌झ हा आकडा सगळ्यात ठळक छापलेला असतो. आकडा खोटा नाही. पण २४ कोअरपैकी एखाद-दोन कोअरवरच काम असेल, प्रोसेसर थंड असेल आणि वीज मुबलक मिळत असेल, तेव्हाच काही क्षण तो गाठला जातो. सगळे कोअर कामाला लागले की वेग खाली येतो आणि गेम थोडा वेळ चालला की आणखी खाली येतो. हे पाहिलं की बऱ्याच जणांना वाटतं, ओव्हरक्लॉकिंग करून तो वर ढकलावा. इच्छा रास्त आहे. लाख-दीड लाख रुपये मोजून, अनेकदा हप्त्यांवर घेतलेल्या यंत्रातून पुरेपूर काम काढून घ्यावंसं कुणालाही वाटेल. मात्र वेग नेमका कशामुळे पडतोय हे न समजता सेटिंगला हात घातला, तर पदरात फक्त जास्त उष्णता पडते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. लॅपटॉपवरच्या सुरक्षित ओव्हरक्लॉकिंगचा मोठा भाग व्होल्टेज कमी करण्यात आणि उष्णता बाहेर काढण्यात आहे. मल्टिप्लायर वाढवणं ही शेवटची पायरी, आणि कित्येक लॅपटॉपवर तिथपर्यंत जायची गरजच पडत नाही.

यामागचं गणित सोपं आहे. प्रोसेसर काम करताना जी वीज खातो ती वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, वेग ४.५ वरून ४.७ गिगाहर्ट्‌झवर नेला आणि तो टिकवायला व्होल्टेज ४ टक्के वाढवावं लागलं. वेग वाढला साधारण साडेचार टक्के, विजेचा खप मात्र १३ टक्क्यांच्या आसपास वाढला. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. आता उलट बाजूने बघा. तोच वेग ठेवून व्होल्टेज १.२ व्होल्टवरून १.१ वर आणलं तर खप सुमारे १६ टक्क्यांनी उतरतो. डेस्कटॉपमध्ये मोठा कूलर आणि ऐसपैस कॅबिनेट असतं, तिथे पहिला व्यवहार परवडतो. दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या लॅपटॉपमध्ये दुसराच फायद्याचा आहे.

लॅपटॉपच्या प्रोसेसरला थांबवणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन. पहिली तापमान: इंटेलच्या या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, तिथे पोचला की तो आपणहून वेग कमी करतो. दुसरी विजेची मर्यादा. तिच्यात दोन आकडे असतात: पीएल-१ म्हणजे दीर्घकाळ वापरता येणारे वॉट आणि पीएल-२ म्हणजे थोड्या वेळापुरते मिळणारे वॉट. एचएक्स मालिकेत इंटेलने पायाभूत वीज ५५ वॉट आणि टर्बोची कमाल १५७ वॉट दिली आहे. प्रत्यक्ष किती द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या कूलिंगच्या कुवतीप्रमाणे ठरवते, म्हणून एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप सारखे पळत नाहीत. तिसरी गोष्ट मल्टिप्लायर. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्‌झचं असतं आणि त्याला ४५ ने गुणलं की साडेचार गिगाहर्ट्‌झ होतात.

ओव्हरक्लॉकिंगने आपण हलवतो तो फक्त हा तिसरा आकडा. पहिल्या दोन भिंतींपैकी एकीला प्रोसेसर आधीच टेकलेला असेल तर मल्टिप्लायर ४५ चा ४८ केल्याने काहीही बदलत नाही. गेमिंग लॅपटॉपवर बहुतेक वेळा हीच स्थिती असते. ‘ओव्हरक्लॉक केलं, पण फ्रेम तेवढ्याच’ ही तक्रार इथूनच येते.

आधी मोजा

कुठलीही सेटिंग बदलण्यापूर्वी आपल्या यंत्राची आजची तब्येत कागदावर उतरवून घ्या. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत साधन प्रत्येक कोअरचं तापमान, प्रोसेसरचे वॉट, व्होल्टेज आणि वेग दाखवतं. थ्रॉटलस्टॉप या दुसऱ्या साधनात ‘लिमिट रीझन्स’ नावाची एक छोटी खिडकी आहे. प्रोसेसर कशामुळे अडतोय, तापमानामुळे की पीएल-१, पीएल-२ मुळे, ते तिथे रंगीत चौकोनांनी कळतं. या सगळ्या खटाटोपात सर्वात जास्त उपयोगी खिडकी कुठली म्हणाल तर हीच. ही साधनं त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्या. व्होल्टेजला हात घालणारं सॉफ्टवेअर संगणकाच्या अगदी गाभ्यापर्यंत पोचतं, त्यामुळे कुठल्याही अनोळखी दुव्यावरून आलेली प्रत वापरू नये.

लॅपटॉप टेबलावर ठेवा, चार्जर लावा आणि लीजन, आरओजी, प्रिडेटर, ओमेन जे काही असेल त्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधला सर्वात जोरदार मोड निवडा. हा मोड कंपनीनेच चाचणी करून दिलेला असतो आणि वॉरंटीला त्याने धक्का लागत नाही. आश्चर्य म्हणजे अनेक जण तो न लावताच ओव्हरक्लॉकिंगच्या मागे लागतात. मग सिनेबेंच आर-२३ ची दहा मिनिटांची चाचणी चालवा. गुण, सर्वाधिक तापमान, स्थिरावलेले वॉट आणि सगळ्या कोअरचा सरासरी वेग लिहून ठेवा. खोलीचं तापमानही लिहा, ते का ते पुढे येईलच.

त्यानंतर तुम्ही खरोखर खेळता तो गेम अर्धा तास खेळा आणि एमएसआय आफ्टरबर्नरच्या साहाय्याने पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांचा वापर दिसेल असं करा. ग्राफिक्स चिप सतत ९७-९९ टक्के वापरात असेल तर अडथळा तिच्याकडे आहे. अशा वेळी प्रोसेसर कितीही पळवला तरी फ्रेम वाढणार नाहीत. सायबरपंक २०७७ सारखा भारी गेम उच्च सेटिंगवर खेळताना बहुधा हेच चित्र दिसतं. याउलट काउंटर-स्ट्राइक २ सारखा गेम कमी सेटिंगवर, २४० हर्ट्‌झच्या पडद्यासाठी खेळत असाल आणि ग्राफिक्स चिप साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर प्रोसेसरवर मेहनत घेण्यात अर्थ आहे.

गेमिंग लॅपटॉपची एक खास गोष्ट इथे लक्षात घेतली पाहिजे. बहुतेक मॉडेलमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या उष्णतावाहक नळ्या सामायिक असतात, आणि चार्जरमधून येणाऱ्या विजेचं बजेटही सामायिक असतं. एका पाइपलाइनवर दोन घरांचे नळ असावेत तशी ही व्यवस्था आहे: एकाने नळ पूर्ण सोडला की दुसऱ्याकडे धार बारीक होते. एनव्हिडियाचं डायनॅमिक बूस्ट हे तंत्र याच तत्त्वावर चालतं. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०८० किंवा ४०९० ला जास्तीत जास्त १५० वॉट मिळू शकतात आणि प्रोसेसरला तेवढी गरज नसेल तर वर आणखी २५. आता तुम्ही प्रोसेसरला ओव्हरक्लॉक केलं आणि तो गेममध्ये जास्त वॉट खाऊ लागला, तर ते २५ वॉट ग्राफिक्स चिपला मिळणार नाहीत. फ्रेम वाढण्याऐवजी घटतील. त्यामुळे ग्राफिक्सवर भार टाकणाऱ्या गेमसाठी मी प्रोसेसरची वीज उलट कमी करायला सांगतो. पीएल-१ हळूहळू उतरवत ५५-६० वॉटच्या आसपास आणून बघा. पुष्कळदा फ्रेम तेवढ्याच राहतात किंवा किंचित वाढतात, आणि कीबोर्डवर हात ठेवणं सुसह्य होतं.

आपल्याकडचा उन्हाळा

तापमानाविषयीचा परदेशी सल्ला वाचताना तो बावीस अंशांच्या खोलीत बसून दिलेला असतो हे विसरू नये. खोली जितक्या अंशांनी तापते, जवळपास तितक्याच अंशांनी प्रोसेसरही तापतो, कारण पंखे शेवटी खोलीतलीच हवा आत ओढतात. जानेवारीत नागपूरमध्ये २४ अंशांच्या खोलीत ८२ वर राहणारा प्रोसेसर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ९६ च्या घरात जाईल. हिवाळ्यात जमलेली सेटिंग उन्हाळ्यात ढासळते ती अशी. अंतिम चाचणी उन्हाळ्यात दुपारी घ्या, नाहीतर हिवाळ्यात करताना बारा-पंधरा अंशांची मोकळीक हातात ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी असलेल्या डेझर्ट कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. ती हवा दमट असते आणि तिच्याबरोबर पाण्याचे बारीक तुषार येऊ शकतात. खोली थंड होऊ द्या, झोत दुसरीकडे वळवा.

लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळणाऱ्याने ओव्हरक्लॉकिंगचा विचारही करू नये. बहुतेक गेमिंग लॅपटॉप हवा तळातून ओढतात. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी तापमानात फरक दिसतो, त्यासाठी महागडा कूलिंग पॅड लागत नाही. लॅपटॉप वर्ष-दोन वर्षं जुना असेल तर आधी धूळ काढा. खालचं झाकण उघडता येत असेल आणि त्याने वॉरंटी जात नसेल, तर लॅपटॉप बंद करून, बॅटरीची वायर सोडवून, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि मग हवेच्या डब्याने धूळ उडवा. पाती मोकळी ठेवून जोरात हवा मारली तर पंखा मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. कोकण-गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत धूळ जाळीला घट्ट चिकटते, तिथे ही सफाई जास्त वेळा लागते.

थर्मल पेस्ट बदलायची वेळ आली असेल तर हनीवेलची पीटीएम७९५० ही फेज-चेंज पट्टी चांगला पर्याय आहे. ती गरम झाली की मऊ होऊन पसरते आणि साध्या पेस्टसारखी चिपवरून हळूहळू बाहेर सरकत नाही. लिक्विड मेटलच्या वाटेला मात्र घरच्या घरी जाऊ नये. ते वीजवाहक आहे, एक थेंब मदरबोर्डवर ओघळला तर बोर्ड जातो, आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं. काही कंपन्या कारखान्यात ते वापरतात, पण त्यासाठी त्यांनी चिपभोवती बंदोबस्त केलेला असतो.

व्होल्टेज उतरवताना

प्रत्येक प्रोसेसरला कारखान्यातून गरजेपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज दिलेलं असतं, जेणेकरून लाखो चिपपैकी सर्वात कमकुवत चिपही वर्षानुवर्षं बिनचूक चालावी. तुमची चिप सरासरी असेल तर त्यातलं काही काढून घेता येतं. यालाच अंडरव्होल्टिंग म्हणतात. तापमानाने किंवा विजेने अडलेल्या प्रोसेसरवर याचा परिणाम ओव्हरक्लॉकिंगसारखाच होतो: तेवढ्याच वॉटमध्ये तो जास्त वेग टिकवतो.

अडचण अशी की हे प्रत्येक लॅपटॉपवर करता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली. सॉफ्टवेअरने व्होल्टेज मुद्दाम खाली ओढून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चुका घडवता येतात आणि त्यातून गुपितं काढता येतात, हे युरोपातल्या संशोधकांनी दाखवलं होतं. त्यानंतर बायॉसमधून हा मार्ग बंद होऊ लागला आणि पुढच्या पिढ्यांतल्या पुष्कळ लॅपटॉपवर तो बंदच असतो. थ्रॉटलस्टॉपच्या ‘एफआयव्हीआर’ खिडकीत व्होल्टेज कुलूपबंद आहे का ते दिसतं. एचएक्स प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपमध्ये बायॉसमध्येच ही सोय किंवा ‘अंडरव्होल्ट प्रोटेक्शन’ बंद करण्याचा पर्याय असतो. विंडोज ११ मधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असलं तरी काही साधनं व्होल्टेज बदलू देत नाहीत. ते बंद केल्याने संगणकाची एक संरक्षक भिंत जाते. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात तिथे मी ती पाडणार नाही. कुलूप काढण्यासाठी कुणाच्या सांगण्यावरून जुना बायॉस टाकणंही टाळा.

कुलूप नसेल तर असं करा. महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, कारण व्होल्टेज कमी पडून संगणक बंद पडताना लिहिली जात असलेली फाइल बिघडू शकते. महाविद्यालयाचा प्रोजेक्ट सादर करायच्या आठवड्यात हे प्रयोग करू नका. इंटेलच्या एक्सटीयू किंवा थ्रॉटलस्टॉपमध्ये ‘ऑफसेट’ नावाची जागा शोधून उणे ३० मिलिव्होल्ट घाला. उणे चिन्ह दोनदा तपासा. जुन्या पिढ्यांमध्ये कोअर आणि कॅश दोन्हींना तोच आकडा द्यावा लागतो, नाहीतर बदल लागूच होत नाही. सिनेबेंच चालवा. ठीक असेल तर दहा-दहा मिलिव्होल्टने खाली जा आणि दर पायरीला तीच चाचणी घ्या. साधारणपणे ५० ते १०० च्या दरम्यान कुठेतरी मर्यादा लागते, पण प्रत्येक चिप वेगळी. मित्राच्या त्याच मॉडेलवर उणे १२० चाललं म्हणून तुमच्यावर चालेल असं मुळीच नाही.

लॅपटॉप गोठला किंवा निळा पडदा आला तर घाबरू नका. सॉफ्टवेअरमधून केलेलं अंडरव्होल्टिंग लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर सहसा निघून जातं, आणि त्याने चिपला इजा होत नाही. म्हणूनच आकडे आधी सॉफ्टवेअरमध्ये तपासावेत, बायॉसमध्ये लगेच कायम करू नयेत. थ्रॉटलस्टॉपला विंडोजबरोबर आपोआप सुरू व्हायलाही निदान आठवडाभर लावू नये. अडखळला त्या आकड्यापासून वीस मिलिव्होल्ट मागे या आणि तिथे थांबा.

एक खाचखळगा जाणत्यांनाही फसवतो. बाराव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरमध्ये विजेच्या अचानक चढउतारापासून वाचवणारी एक यंत्रणा आहे. व्होल्टेज फार खाली गेलं की ती आतल्या आत घड्याळ ताणते. पडद्यावर वेग पूर्वीइतकाच दिसतो, तापमान छान उतरलेलं दिसतं, पण प्रत्यक्ष काम कमी झालेलं असतं. त्यामुळे विश्वास वेगाच्या आकड्यावर ठेवू नका, सिनेबेंचच्या गुणांवर ठेवा. गुण घसरले की तुम्ही जास्त खाली गेलात.

व्होल्टेजला कुलूप असलेल्यांनीही हात चोळत बसायचं कारण नाही. वीजमर्यादा आणि टर्बोचं गुणोत्तर, म्हणजे मल्टिप्लायर, खाली आणणं अनेकदा शक्य असतं. आय७-१२७००एच हा मल्टिप्लायर वाढवता न येणारा प्रोसेसर घ्या. त्याची कमाल ४.७ गिगाहर्ट्‌झ. गेम खेळताना ती ४.३ वर बांधली तर फ्रेममधला फरक बऱ्याच गेममध्ये जाणवत नाही, पण तापमान लक्षणीय उतरतं आणि वेग सारखा वर-खाली होणं थांबतं. गेममधला मध्येच बसणारा झटका अनेकदा याच वर-खाली होण्यातून येतो.

आता मल्टिप्लायर

इतकं सगळं करून झाल्यावर पुन्हा ‘लिमिट रीझन्स’ बघा. गेम चालू असताना एकही चौकोन पेटत नसेल, तापमान ऐंशी-पंच्याऐंशीच्या आत असेल आणि ग्राफिक्स चिप प्रोसेसरची वाट बघत असेल, तर आणि तरच मल्टिप्लायरला हात लावा.

त्यासाठी प्रोसेसर तसा हवा. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी एचके असलेले, जसे २०१८ चा आय९-८९५०एचके, आणि २०२२ पासूनच्या एचएक्स मालिकेतले वरचे प्रोसेसर मल्टिप्लायर खुला ठेवून येतात. नुसता एच असेल तर नाही. तुमचं नेमकं मॉडेल इंटेलच्या संकेतस्थळावर तपासा. शिवाय प्रोसेसर खुला असूनही लॅपटॉपच्या कंपनीने बायॉसमध्ये तो बंद ठेवलेला असू शकतो. एएमडीच्या रायझेन ९ ७९४५एचएक्स सारख्या प्रोसेसरवर रस्ता थोडा वेगळा आहे. तिथे बायॉसमध्ये ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ मिळत असेल तर उणे १० पासून सुरुवात करायची. व्होल्टेज उतरलं की प्रोसेसर मोकळी झालेली जागा वापरून आपणच वर चढतो. मला हा मार्ग लॅपटॉपसाठी जास्त शहाणपणाचा वाटतो.

इंटेलवर एक्सटीयूमध्ये सगळ्या कोअरचं गुणोत्तर एका घराने, म्हणजे १०० मेगाहर्ट्‌झने वाढवा. फक्त मोठ्या पी-कोअरचं; छोट्या ई-कोअरमुळे गेममध्ये फारसं काही मिळत नाही. एक-दोन कोअरचा जो कमाल आकडा आहे, त्याला हात लावू नका. तिथे चिप आधीच आपल्या टोकावर असते. चाचणी घ्या, गुण आणि फ्रेम लिहा, मग पुढचं घर. दोनशे मेगाहर्ट्‌झ मिळाले तर समाधान माना. ताण दिल्यावर बंद पडला तर एक घर मागे या किंवा अंडरव्होल्ट थोडं सैल करा. मूळ व्होल्टेजच्या वर मात्र लॅपटॉपवर कधीही जाऊ नका. या एका बाबतीत मी तडजोड करणार नाही. जादा व्होल्टेजने चिप हळूहळू झिजते आणि ते लगेच कळत नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर जगभर जे घडलं ते डोळ्यांसमोर ठेवा. प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. काही महिन्यांनी गेम बंद पडू लागले, आणि झालेली इजा भरून येणारी नव्हती. इंटेलला ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड काढावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. लॅपटॉपचे प्रोसेसर त्यात नाहीत असं इंटेलने सांगितलं, पण जादा व्होल्टेज चिपचं काय करतं याचा हा धडा सगळ्यांसाठी आहे. डेस्कटॉपवाल्यांना प्रोसेसर काढून नवा बसवता तरी आला. लॅपटॉपमध्ये तो मदरबोर्डला डाख देऊन बसवलेला असतो, तो गेला की बोर्ड बदलावा लागतो.

थ्रॉटलस्टॉपमध्ये ‘बीडी प्रॉकहॉट’ नावाची एक खूण असते. ती काढून टाकली की अडकलेला लॅपटॉप एकदम पळू लागतो, म्हणून हा उपाय तोंडी फार फिरतो. या खुणेचं काम असं की ग्राफिक्स चिप, वीज पुरवणारी सर्किटं किंवा बोर्डावरचा दुसरा एखादा भाग फार तापला तर तो प्रोसेसरला ‘हळू हो’ असं कळवू शकतो. खूण काढणं म्हणजे ती हाक ऐकू येणं बंद करणं. वीज पुरवणाऱ्या भागांचं तापमान बहुतेक लॅपटॉपवर आपल्याला दिसतही नाही, त्यामुळे नुकसान होईपर्यंत पत्ता लागत नाही. त्याऐवजी ‘प्रॉकहॉट ऑफसेट’ खुला असेल तर तिथे ५ घाला. प्रोसेसर १०० ऐवजी ९५ अंशांवरच सावरायला लागेल.

चार्जरही तपासा. २३० किंवा २८० वॉटच्या मूळ चार्जरऐवजी १०० वॉटचा टाइप-सी चार्जर लावून यातलं काहीही करू नका. चार्जर लावलेला असूनही खेळताना बॅटरीची टक्केवारी उतरत असेल तर वीज अपुरी पडते आहे, आणि तुम्ही जोडलेला प्रत्येक वॉट बॅटरीतून ओढला जातोय. सतत उष्णतेत राहिलेली बॅटरी फुगते. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट बसेनासं झालं तर लॅपटॉप बंद करून थेट सेवा केंद्रात न्या, तो पुन्हा चार्जिंगला लावू नका.

सिनेबेंच पार पडलं म्हणजे सेटिंग पक्की झाली असं नाही. अर्ध्या तासाची स्थिरता चाचणी घ्या, ओसीसीटी हे ताण देणारं साधन चालवा, आणि मग रोजचं काम करा. व्होल्टेज थोडंसंच कमी पडत असेल तर लॅपटॉप जोरदार कामात नव्हे, तर साधा ब्राउझर उघडताना किंवा झोपेतून जागं होताना कोसळतो, कारण तेव्हा वेग आणि व्होल्टेज झपाट्याने बदलत असतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया-लॉगर’ नावाच्या नोंदी दिसतात का तेही बघा. प्रोसेसरने स्वतः दुरुस्त करून घेतलेल्या चुका तिथे नोंदलेल्या असतात. निळा पडदा आला नाही तरी अशा नोंदी वाढत असतील तर दहा-वीस मिलिव्होल्ट परत द्या.

वॉरंटीबद्दल थोडक्यात. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान इंटेल आणि एएमडी दोघंही वॉरंटीत धरत नाहीत, आणि एक्सटीयू सुरू करताना तसा इशाराही येतो. लॅपटॉपच्या कंपनीचे नियम वेगळे असतात, ते वाचून ठेवा. घरात एकच लॅपटॉप असेल, त्यावर कुणाचा तरी अभ्यास किंवा नोकरी चालत असेल, तर मी अंडरव्होल्टिंग आणि वीजमर्यादेपर्यंतच थांबायला सांगेन.

शेवटची सूचना बायॉस अपडेटची. अपडेट झाला की तुमचे आकडे पुसले जाऊ शकतात, व्होल्टेजचं कुलूप लागू शकतं, कधी कंपनी पीएल-१ आणि पीएल-२ सुद्धा बदलते. म्हणून अपडेटच्या आधी सगळ्या सेटिंग मूळ स्थितीत आणा आणि विंडोजबरोबर सुरू होणारं थ्रॉटलस्टॉप किंवा एक्सटीयू बंद करा. अपडेटनंतर पुन्हा सिनेबेंच चालवून पहिल्या दिवशीच्या कागदाशी ताडून बघा. जुने आकडे तसेच्या तसे भरू नका. नव्या बायॉसवर पुन्हा उणे ३० पासून पायरी-पायरीने खाली या.